लुईस बेटाचा ओला माळ

(स्कॉटलंडच्या वायव्येला समुद्रात लुईस नावाचे बेट आहे. या बेटाचा बराच मोठा भाग पाणथळ माळरानाने व्यापलेला आहे. हे माळरान कसे तयार झाले, तेथील लोकांनी त्याचा उपयोग कसा केला आणि त्यावरील आपल्या हक्कासाठी ते कसे उभे राहिले, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, जगाचा नकाशा समोर घ्या. युरोप खंडाच्या पश्चिमेला ब्रिटनचे मोठे बेट दिसेल. त्याच्या उत्तर भागाला स्कॉटलंड म्हणतात. स्कॉटलंडच्या वायव्येला, समुद्रात, लहानमोठ्या बेटांची एक लांब रांग आहे. ही आउटर हेब्रिडीज बेटे. या रांगेच्या उत्तर टोकाला जे मोठे बेट दिसते, त्याच्या वरच्या भागाला लुईस आणि खालच्या भागाला हॅरिस म्हणतात. जमीन एकच, पण नावे दोन. लोकही त्यांचा उल्लेख दोन वेगळी बेटे असल्याप्रमाणेच करतात.

आपल्या देशाचे उत्तर टोक सुमारे ३७ अंश अक्षवृत्तावर आहे. लुईस ५८ अंशांवर आहे! त्यामुळे तेथे जून महिन्यात दिवस सुमारे अठरा तासांचा असतो. रात्री दहा वाजतासुद्धा बाहेर उजेड असतो. डिसेंबरमध्ये मात्र उलटे घडते. सकाळी नऊनंतर सूर्य उगवतो आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास मावळतो.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील उल्लापूल गावातून बोटीत बसले, की अडीच-पावणेतीन तासांत स्टोर्नोवे बंदर येते. लुईस आणि हॅरिस मिळून सुमारे वीस हजार लोक राहतात. त्यांच्यासाठी स्टोर्नोवे हेच एक शहर. बाकीची सारी गावे आहेत आणि ती बहुतेक समुद्राच्या काठाकाठाने वसलेली आहेत. मग बेटाच्या मधल्या भागात काय आहे?

स्टोर्नोवेहून पश्चिम किनाऱ्यावरील बार्व्हास गावाकडे रस्ता जातो. शहर मागे पडले, की दोन्ही बाजूंना माळ सुरू होतो. झाड नाही, शेत नाही, घर नाही. हिवाळ्यात तपकिरी, उन्हाळ्यात हिरवट आणि ऑगस्टमध्ये हेदरच्या झुडपांना बहर आला, की जांभळा दिसणारा हा माळ क्षितिजापर्यंत पसरलेला असतो. मधूनमधून पाणी चमकते. वारा तर सतत वाहत असतो. पहिल्यांदा येणारा प्रवासी गाडीच्या काचेतून बाहेर पाहतो आणि म्हणतो, "येथे तर काहीच नाही!"

हे वाक्य लक्षात ठेवा. या माळाचा बराचसा इतिहास या एका वाक्याभोवती घडला आहे.

इंग्रजीत अशा जमिनीला 'मूर' म्हणतात. मराठीत आपण माळ किंवा माळरान म्हणतो, पण आपला माळ कोरडा असतो. पाऊस संपला, की दोन महिन्यांत तेथील गवत वाळते. लुईसचा माळ वर्षभर ओला असतो. त्यावर पाय ठेवला, तर भिजलेल्या गादीवर उभे राहिल्यासारखे वाटते. काही ठिकाणी तर पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. दलदल हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही माहीत आहे. तेव्हा माळ आणि दलदल यांच्या मधले काहीतरी डोळ्यांसमोर आणा. आपण त्याला ओला माळ म्हणू.

तुम्हांला वाटेल, तेथे आपल्यापेक्षा पुष्कळ पाऊस पडत असेल. तसे नाही. स्टोर्नोवेला वर्षभरात सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच याहून कितीतरी अधिक पडतो. फरक एवढाच, की आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून निघून जातो आणि तेथील पाऊस बारा महिने थोडा थोडा पडत राहतो. हवा थंड, आकाश ढगाळ. त्यामुळे पाण्याची वाफ फारशी होत नाही. खाली जमिनीत मुरावे म्हटले, तर खडक अतिशय कठीण. हा 'नाइस' जातीचा खडक असून तो जवळजवळ ३०० कोटी वर्षांपर्यंत जुना आहे. पृथ्वीवरील फार जुन्या खडकांत त्याची गणना होते. शास्त्रज्ञांनी त्याला या बेटावरूनच 'लुईसियन' असे नाव दिले आहे. हिमयुगात बर्फाच्या जाड थरांनी या खडकाला घासून त्यात हजारो खळगे पाडले. बर्फ वितळले आणि खळग्यांची तळी झाली.

अशा तळ्याला तेथील गेलिक भाषेत 'लॉख़' म्हणतात. इंग्रजी शिकणाऱ्या पुष्कळ मुलांना हा शब्द नीट म्हणता येत नाही. ती 'लॉक' म्हणतात. तुम्हांला मात्र काही अडचण येणार नाही, कारण त्यातला शेवटचा उच्चार अगदी तुमच्या 'ख़े' या अक्षरासारखा आहे. 'ख़बर' किंवा 'ख़त' म्हणता ना, तसाच!

आता मुख्य गोष्टीकडे वळू. या माळावर स्फॅग्नम नावाचे एक शेवाळ वाढते. ते स्पंजासारखे असते आणि स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. ते आपल्या आजूबाजूचे पाणी आंबटही करते. नेहमीच्या जमिनीत वाळलेली पाने, मुळे कुजतात आणि त्यांची माती होते. या थंड, आंबट, हवा न शिरणाऱ्या चिखलात ती पूर्ण कुजत नाहीत. जुन्या शेवाळावर नवे शेवाळ वाढते, जुने खाली दबते. असे हजारो वर्षे चालले, की काळपट तपकिरी रंगाचा एक थर तयार होतो. त्याला पीट म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात कोळशाच्या प्रकारांत हे नाव तुम्ही वाचले असेल.

पीट फार सावकाश वाढते. साधारणपणे वर्षाला एक मिलिमीटर. म्हणजे तुमच्या कमरेइतक्या जाडीच्या पीटला सुमारे हजार वर्षे लागली असे समजा. लुईसवर काही ठिकाणी त्याची जाडी माणसाच्या उंचीपेक्षाही जास्त आहे. पीट खणताना खाली कधीकधी झाडांचे जुने बुंधे सापडतात. आज जेथे एकही झाड दिसत नाही, तेथे फार पूर्वी भूर्ज वगैरे झाडांची वने होती, हे त्यावरून कळते.

पीटने या बेटावर आणखीही काही लपवून ठेवले होते. पश्चिम किनाऱ्यावर कॅलॅनिश येथे सुमारे ५००० वर्षांपूर्वी लोकांनी उंच उंच शिळा उभ्या केल्या. मध्ये तेरा शिळांचे वर्तुळ आणि त्यापासून निघणाऱ्या शिळांच्या रांगा. मधोमध असलेली शिळा जवळजवळ पाच मीटर उंच आहे. नंतर हवामान बदलले, शेवाळ वाढत गेले आणि शिळांचा खालचा भाग पीटमध्ये बुडाला. १८५७ साली तेथील सुमारे दीड मीटर जाडीचे पीट काढले, तेव्हा कुठे शिळांची खरी उंची दिसली. हे काम ज्या जमीनमालकाने करवून घेतले, त्याची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडणार आहे.

झाडेच नाहीत, म्हणजे सरपण नाही. मग या थंड बेटावर चूल कशी पेटायची? पीटवर! वाळवलेले पीट चांगले जळते. त्याच्या धुराला एक खास वास असतो. पूर्वीची घरे जाड दगडी भिंतींची आणि गवताने शाकारलेली होती. घराच्या मधोमध जमिनीवरच पीटचा विस्तव असे. घराला धुराडे नव्हते. धूर छपरातूनच हळूहळू बाहेर जाई. माणसे एका बाजूला आणि गाईगुरे त्याच छपराखाली दुसऱ्या बाजूला. आर्नोल गावातील असे एक घर आज संग्रहालय म्हणून जपले आहे. त्यात १९६६ पर्यंत एक कुटुंब खरोखर राहत होते.

पीट काढण्याचे काम वसंत ऋतूच्या अखेरीस, एप्रिल-मे महिन्यांत सुरू होते. प्रत्येक घराची माळावर ठरलेली जागा असते. प्रथम वरचे गवत मुळांसकट सोलून काढतात. मग 'टार्शकेर' नावाचे अवजार घेतात. त्याला लाकडी दांडा, खाली पाय ठेवायला आधार आणि बाजूला काटकोनात बसवलेले पाते असते. एक जण पायाने दाब देऊन विटेच्या आकाराचा तुकडा कापतो, दुसरा तो तुकडा हातात झेलून काठावर फेकतो. ओला तुकडा जड आणि मऊ असतो. त्यात बहुतांश पाणीच असते. दोघांची लय जमावी लागते. नाही जमली, तर तुकडा मोडतो किंवा झेलणाऱ्याच्या बोटांना पाते लागते.

कापलेले तुकडे दोन-तीन आठवडे माळावर वाळत पडू देतात. वरची बाजू वाळून कडक झाली, की चार-पाच तुकडे एकमेकांना टेकवून उभे करतात. तुम्ही पत्त्यांचे घर बांधता, तसे. मधून वारा खेळतो आणि ते आतपर्यंत वाळतात. उन्हाळा संपण्यापूर्वी सारे पीट घरी आणून दाराशी त्याची मोठी रास रचतात. ही रास रचणे हीसुद्धा कलाच आहे. बाहेरचे तुकडे तिरके, माशाच्या काट्यांसारखे लावतात, म्हणजे पावसाचे पाणी आत न जाता ओघळून जाते. एका घराला वर्षाला असे हजारो तुकडे लागत.

एकट्याने हे काम होत नाही. म्हणून शेजारीपाजारी एकत्र येत. आज एकाचे पीट, उद्या दुसऱ्याचे. मजुरी कोणी घेत नसे. ज्याचे काम असे, त्याने सर्वांना पोटभर जेवू घालायचे. आपल्याकडेही खेड्यांत नांगरणीसाठी शेजारी आपापले बैल घेऊन एकत्र येत आणि त्याला 'इर्जिक' म्हणत. तुमच्या आजोबांना विचारून पाहा. त्यांना हा शब्द कदाचित माहीत असेल.

आणखी एक बारीकशी गोष्ट. सोलून काढलेले गवताचे थर चांगला माणूस फेकून देत नाही. पीट काढून झालेल्या खड्ड्याच्या तळाशी तो ते पुन्हा नीट अंथरतो, गवताची बाजू वर करून. मग तेथे पुन्हा हिरवळ येते. ज्याने खड्डा उघडा ठेवला, त्याला गाव नावे ठेवी.

माळाचा दुसरा उपयोग गुरांसाठी होता. गावाजवळच्या लहान शेतांत ओट, बार्ली आणि बटाटे लावलेले असत. शेतांना कुंपण नव्हते. म्हणून मे महिन्याच्या सुमारास गावातील स्त्रिया आणि मुले गाई घेऊन दूर माळावर जात आणि तेथेच सहा-आठ आठवडे राहत. माळावरील या उन्हाळी वस्तीला गेलिकमध्ये 'आरी' म्हणतात. आरी म्हणजे दगड आणि गवताची एखादी लहानशी झोपडी. आत झोपण्याची जागा, विस्तव आणि दूध ठेवण्यासाठी भिंतीत कोनाडे. दिवसा गाई चारायच्या, दूध काढायचे, लोणी आणि चीज करायचे. तुमच्या वयाच्या मुली हे सारे काम करीत. पाठीवर लोणी बांधून गावात पोचवायचे आणि येताना पीठ घेऊन यायचे, हेही त्यांच्याकडेच असे.

हे काम कष्टाचे होते. तरीही म्हाताऱ्या स्त्रियांच्या आठवणींत आरीचे दिवस हे वर्षातील सर्वांत आनंदाचे दिवस म्हणून येतात. घरातील बंधने नाहीत, रात्री उशिरापर्यंत उजेड, गाणी आणि गोष्टी. गेलिक भाषेतील कितीतरी गाणी या आरीशी जोडलेली आहेत. लुईसवर ही प्रथा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होती. झोपड्या आता पडल्या आहेत. पण त्यांच्या जागा दुरूनही ओळखू येतात, कारण वर्षानुवर्षे तेथे गाई बसल्या, शेण पडले, त्यामुळे तपकिरी माळावर तेवढेच तुकडे हिरवेगार दिसतात.

आता त्या जमीनमालकाची गोष्ट. त्याचे नाव सर जेम्स मॅथेसन. १८४४ साली त्याने संपूर्ण लुईस बेट विकत घेतले. जमीन, तळी, माळ, सगळे! एवढा पैसा त्याच्याकडे कोठून आला? तो चीनमधील व्यापारातून आला आणि त्या व्यापारातील मोठा माल होता अफू. या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून जहाजांनी चीनला जात असे. मुंबईचे प्रसिद्ध व्यापारी सर जमशेटजी जीजीभाई हे मॅथेसनच्या कंपनीशी या व्यापारात जोडलेले होते. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांच्याच देणगीतून उभे राहिले. म्हणजे, माळव्याच्या शेतकऱ्याने पिकवलेल्या आणि चीनमधील व्यसनी माणसाने ओढलेल्या अफूच्या पैशातून अटलांटिक महासागरातील एका बेटाचा माळ विकला गेला. ज्यांची गुरे त्या माळावर चरत होती, त्यांना कोणी विचारले नाही.

मॅथेसनने रस्ते बांधले, बटाट्याच्या दुष्काळात लोकांना धान्यही दिले, हे सांगितले पाहिजे. पण त्याच्याच काळात, १८५१ ते १८५५ या वर्षांत, दोन हजारांच्या आसपास लोकांना जहाजांत बसवून कॅनडाला पाठवण्यात आले. बेटाचा रोजचा कारभार त्याचा कारभारी डॉनल्ड मन्रो पाहत असे. हा माणूस अतिशय कडक होता. भाडेकरूने तोंड उघडले, की घर सोडण्याची धमकी ठरलेली.

लुईसच्या पश्चिमेला ग्रेट बर्नेरा नावाचे लहान बेट आहे. तेथील शेतकऱ्यांची गुरे उन्हाळ्यात लुईसच्या माळावर चरत. १८७० नंतरच्या काही वर्षांत मन्रोने त्यांचे जुने कुरण काढून घेतले आणि दुसरीकडे जागा दिली. लोकांनी कुरकुरत का होईना, ते मान्य केले. नव्या जागेभोवती त्यांनी स्वतः मेहनत करून लांब भिंत घातली. मग १८७४ मध्ये मन्रोने तेही कुरण सोडण्याचा हुकूम काढला. त्याच्या मते प्रश्न फक्त रिकाम्या माळाचा होता. लोकांच्या मते प्रश्न पोटाचा होता. माळ गेला, तर गुरे गेली. गुरे गेली, तर दूध, लोणी, शेताचे खत, सारेच गेले.

लोकांनी नकार दिला. तेव्हा घरे सोडण्याच्या अठ्ठावन्न नोटिसा घेऊन सरकारी माणसे बर्नेराला आली. परत जाताना अंधारात त्यांच्यावर मातीची ढेकळे फेकली गेली. झटापट झाली आणि एकाचा कोट फाटला. पुढे बर्नेराच्या एका माणसाला स्टोर्नोवेमध्ये पकडण्यात आले. ही बातमी कळताच शंभराहून अधिक माणसे माळ तुडवीत स्टोर्नोवेला पोचली आणि थेट मॅथेसनच्या वाड्यासमोर जाऊन उभी राहिली. मॅथेसन म्हणाला, "मला यातील काहीच माहीत नव्हते." हे कितपत खरे, ते तोच जाणे. तिघांवर खटला चालला. खटल्यात मन्रोच्या कारभाराची एकेक गोष्ट उघड झाली आणि तिघेही निर्दोष सुटले. पुढच्याच वर्षी मन्रोला कामावरून काढण्यात आले. १८८६ साली ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि अशा लहान शेतकऱ्यांना जमिनीवरून मनमानीने हाकलणे बंद झाले. गावाच्या सामाईक माळावर गुरे चारण्याचा हक्क आजही तेथे कायद्याने मानला जातो.

येथे थोडे थांबून तुम्हांला आवडेल अशी एक माहिती देतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पंजाबातून काही मुसलमान फेरीवाले या बेटावर येऊन पोचले. कपड्यांची पेटी घेऊन ते माळावरील रस्त्यांनी गावोगाव फिरत. पुढे त्यांनी स्टोर्नोवेमध्ये दुकाने काढली. त्यांच्या वंशजांपैकी काही जण घरी पंजाबी किंवा उर्दू आणि बाहेर इंग्रजी बोलतात, आणि काहींना गेलिकही येते. मे २०१८ मध्ये स्टोर्नोवेला पहिली मशीद सुरू झाली. त्या वर्षी रमजान नेमका मे-जून महिन्यांत आला होता. अठरा तासांहून मोठा रोजा! उपवास सोडायला रात्रीचे साडेदहा वाजत.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. २००४ साली एका कंपनीने लुईसच्या उत्तर माळावर २३४ पवनचक्क्या उभारण्याची परवानगी मागितली. नंतर हा आकडा १८१ वर आणला गेला. वाऱ्यापासून वीज करणे ही गोष्ट वाईट नाही. त्यात धूर नाही, कोळसा नाही. बेटावर नोकऱ्या कमी, तरुण मुले शहरांकडे जातात. काही लोकांना वाटले, यातून रोजगार मिळेल. माळावर तर काहीच नाही, मग पवनचक्क्या उभ्या केल्या तर काय बिघडले?

पुन्हा तेच वाक्य!

ज्यांचा विरोध होता, त्यांचे म्हणणे असे : एवढ्या पवनचक्क्यांसाठी माळावर मैलोगणती रस्ते करावे लागतील, पाया खणावा लागेल, पीट सुकेल. पीट सुकले, की त्यात हजारो वर्षे साठलेला कार्बन हवेत जाऊ लागतो. जगातील एकूण जमिनीपैकी केवळ तीन टक्के जमीन पीटची आहे, पण सर्व अरण्यांत मिळून जेवढा कार्बन आहे, त्याहून अधिक या पीटमध्ये आहे. मग हवा स्वच्छ ठेवण्यासाठी हाच साठा मोडायचा का? शिवाय या माळावर गोल्डन प्लोव्हरसारखे पक्षी घरटी करतात आणि सोनेरी गरुड घिरट्या घालतात. डबक्यांच्या काठी 'दवबिंदू' ही कीटक खाणारी चिमुकली वनस्पती वाढते. तिच्याच जातीच्या वनस्पती आपल्या सह्याद्रीच्या कास पठारावरही आढळतात.

या वादाच्या काळात बेटावरील काही जाणत्या लोकांनी एक वेगळेच काम हाती घेतले. त्यांनी माळाविषयीचे गेलिक शब्द गोळा केले. वृद्ध माणसांना विचारले, टिपणे काढली. एकेक शब्द ऐकण्यासारखा आहे. 'कूख़न' म्हणजे गवताखाली झाकला गेलेला, डोळ्यांना न दिसणारा बारीक ओहोळ. तो पाहून नव्हे, तर कानांनी ऐकून ओळखावा लागतो. माळावरील तळ्यातून निघणाऱ्या लहानशा प्रवाहाला वेगळा शब्द. ओढ्याने वळण घेतल्यामुळे मध्ये राहिलेल्या धनुष्याच्या आकाराच्या हिरवळीला वेगळा. वादळी वाऱ्याच्या स्वच्छ दिवशी ढगांच्या सावल्या माळावरून पळत जातात, त्यांनाही नाव आहे. त्या नावातील पहिला शब्द बांगड्याच्या जातीच्या माशालाही वापरतात. बांगड्याच्या पाठीवरील पट्टे तुम्ही बाजारात पाहिले असतील. माळावरून धावणाऱ्या सावल्या तशाच दिसत असाव्यात. आणि एक शब्द तर असा, की त्याचा अर्थ सांगायला मराठीत दोन वाक्ये लागतात. चांदण्यात चमकावेत म्हणून ओढ्यात पांढरे गारगोटीचे दगड ठेवायचे. त्या चकाकीने सामन मासे जवळ येतात. या युक्तीला गेलिकमध्ये एकच लहानसा शब्द आहे.

'काहीच नाही' असे ज्या जमिनीबद्दल म्हटले जाते, त्या जमिनीसाठी इतके शब्द कोण तयार करील? मला वाटते, प्रवाशाची नजर कमजोर नव्हती. त्याच्याजवळ शब्द नव्हते. ओहोळाला नाव आहे हे ज्याला माहीत नाही, तो ओहोळ ऐकायला थांबत नाही.

पवनचक्क्यांच्या योजनेवर सरकारकडे जवळजवळ अकरा हजार हरकती आल्या. बाजूने आलेली पत्रे शंभरही नव्हती. एप्रिल २००८ मध्ये स्कॉटलंडच्या सरकारने परवानगी नाकारली. निकालाचे मुख्य कारण पक्षी होते. या माळाला पक्ष्यांसाठी युरोपीय कायद्याचे खास संरक्षण मिळालेले होते. आरी आणि पीटच्या आठवणी अशा कायद्यात बसत नाहीत.

यावरून बेटावरचे लोक पवनचक्कीच्याच विरुद्ध आहेत असे समजू नका. २०१५ साली स्टोर्नोवेजवळच्या माळावर तीन पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्या स्थानिक लोकांच्या संस्थेच्या मालकीच्या आहेत आणि त्यांचा नफा परिसरातील कामांसाठी खर्च होतो. मोठ्या योजनांवरील वाद मात्र अजून पुरता मिटलेला नाही.

पीट काढणारी घरे आता कमी झाली आहेत. बहुतेक घरांत तेल किंवा विजेवर चालणारी शेगडी आली. तरीही मे महिन्यात, तेल महाग झाले की विशेषच, काही कुटुंबे टार्शकेर घेऊन माळावर जातात. शब्द गोळा करणाऱ्यांचे कामही अपुरेच आहे. त्यांच्या यादीत १२० हून अधिक शब्द झाले. यादीचे नाव त्यांनी ठेवले, 'लुईसच्या माळाविषयीचे काही शब्द'.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लुईसच्या माळाला 'ओला माळ' असे का म्हटले आहे?
(आ) पीट वर्षाला साधारणपणे किती वाढते?
(इ) आरीच्या जागा आजही दुरून का ओळखू येतात?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पीट काढण्याचे आणि वाळवण्याचे काम कसे चालते?
(आ) बर्नेराच्या शेतकऱ्यांनी १८७४ साली कुरण सोडण्यास नकार का दिला?
(इ) पवनचक्क्यांच्या योजनेबाबत दोन्ही बाजूंचे म्हणणे तुमच्या शब्दांत लिहा. तुम्हांला कोणती बाजू पटते?

प्र. ३. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
जमीन, दलदल, हक्क, मेहनत, हुकूम.

प्र. ४. पुढील वाक्यांचा उर्दूत अनुवाद करा.
(अ) जमीन एकच, पण नावे दोन.
(आ) माळ गेला, तर गुरे गेली.

उपक्रम : तुमच्या गावातील किंवा वस्तीजवळील एखादी मोकळी जागा, ओढा, तळे किंवा टेकडी निवडा. तिच्याविषयी घरातील वडीलधाऱ्या माणसांना कोणते शब्द माहीत आहेत, ते विचारून वहीत लिहा. शब्द मराठी, उर्दू, दखनी, कोणत्याही भाषेतील चालतील.